पैसा येतो कुठून? गावाकडच्या कमाईबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वर्धा जिल्ह्यातल्या एका बाजारगावात माझं छोटंसं सेवा केंद्र आहे. सातबारा, पीक विम्याचे अर्ज, उत्पन्नाचे दाखले, बचत गटांच्या वह्या आणि थोडीफार हिशेबाची कामं. दाखल्याच्या अर्जात 'व्यवसाय' आणि 'वार्षिक उत्पन्न' असे दोन रकाने येतात. तिथं आला की माणूस अडतो, डोकं खाजवतो आणि मलाच विचारतो, "लिहू काय सांगा?" त्या खुर्चीसमोर पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न इथं एकत्र केलेत. जिथं 'समजा' म्हटलंय ते आकडे हिशेब कळावा म्हणून धरलेले आहेत. तुमच्या वावराचा हिशेब तुम्हालाच मांडावा लागेल.

पैसे कमवायचे प्रकार तरी किती?

मोजायला बसलं तर पाच-सहाच. अंगमेहनत विकायची, म्हणजे मजुरी, सालदारी, नोकरी. माल पिकवून किंवा दुसरीकडून आणून विकायचा. आपली वस्तू दुसऱ्याला वापरायला देऊन भाडं घ्यायचं, मग ते वावर असो, ट्रॅक्टर असो की बाजारातला गाळा. पैसा देऊन व्याज खायचं. दोघांची गाठ घालून देऊन दलाली घ्यायची. आणि आपल्या पूर्वेकडं, गडचिरोली-गोंदियात, आणखी एक: जंगलावरचा हक्क. मोठ्या कंपन्यासुद्धा यातलंच काहीतरी करतात, फक्त दोन-तीन प्रकार एकाच छपराखाली चालवतात.

मी प्रकाराच्या नावावर फार जात नाही. तीन गोष्टी विचारतो. पैसा देतो कोण? हातात पडतो केव्हा? आणि बुडाला तर कोणाचा बुडतो? कास्तकाराच्या हातात दिवाळीपासून मार्चपर्यंत पैसा येतो, बाकी वर्ष उधारीवर. मजुराला बाजाराच्या दिवशी, पानठेल्यावाल्याला रोज, मास्तरांना महिन्याच्या एक तारखेला (निदान ठरलेलं तरी तसंच असतं). तिसरा प्रश्न मात्र कोणी विचारत नाही, आणि खालची बहुतेक उत्तरं त्याचीच आहेत.

आमचा वर्षाला दोन लाखांचा कापूस होतो. मग उत्पन्न दोन लाख लिहू का?

नाही. दोन लाख ही विक्री झाली. कमाई तिच्या पोटात कुठंतरी दडलेली असते, कधी कधी नसतेही.

समजा पाच एकर कोरडवाहू कापूस आहे. एकरी सहा क्विंटल पडला, तीस क्विंटल झाला, ७,००० रुपयांनी गेला. विक्री २,१०,०००. आता वही उघडा. बियाण्याच्या दहा थैल्यांचे ९,०००. खताचे ३०,०००. फवारणीचे २०,०००. निंदण-डवरणीचे ३०,०००. नांगरटी-वखरटीला ट्रॅक्टरचे १५,०००. वेचणी किलोला दहा रुपयांनी धरली तर तीस क्विंटलचे आणखी ३०,०००. बंडी-मेटाडोर, हमाली वगैरे ६,०००. एकूण खर्च १,४०,०००. उरले ७०,०००. बारा महिन्यांवर पसरले तर महिन्याला ५,८०० रुपयांच्या आसपास.

हे इथंच संपत नाही. हेच पाच एकर मक्त्यानं, म्हणजे ठरलेल्या रकमेवर दुसऱ्याला कसायला, दिले असते आणि एकरी १०,००० आले असते, तर घरी बसून ५०,००० मिळाले असते. म्हणजे नवरा-बायकोच्या वर्षभराच्या राबण्याचे उरले २०,०००. हा शेवटचा आकडा मी तोंडावर सांगतो तेव्हा समोरचा माणूस हसतो. त्याला तो आधीच माहीत असतो, कागदावर कोणी मांडलेला नसतो एवढंच.

दाखल्याला काय लिहायचं ते तलाठ्याचा अहवाल आणि तहसील ठरवते. घरच्या वहीत मात्र विक्री आणि कमाई वेगवेगळ्या पानावर लिहा.

वावर मक्त्यानं द्यावं की बटईनं?

मक्त्यात रक्कम आधी ठरते. पाऊस पडो, न पडो, मालकाला तेवढी मिळते. बुडीत सगळं कसणाऱ्याचं. बटईत खर्चही वाटून आणि पीकही वाटून, बहुतेक निम्मं-निम्मं, म्हणून बुडीतही दोघांचं. मालक अमरावतीला किंवा पुण्याला नोकरीवर असेल तर मक्ताच देतो, कारण बटईत वावराकडं येऊन पाहावं लागतं.

कसणाऱ्याची अडचण वेगळी. व्यवहार तोंडी असतो आणि सातबाऱ्यावर नाव मालकाचं असतं. पीककर्ज मालकाला मिळतं, अतिवृष्टीची भरपाईही त्याच्याच खात्यात जाते. ज्याचं पीक वाहून गेलं तो हात चोळत बसतो. मालक चांगला असेल तर देतो. 'असेल तर' यावर बरंच काही उभं आहे आपल्याकडं.

रोजानं काम बरं की गुत्त्यानं?

रोजात वेळ विकली जाते, गुत्त्यात काम. वेचणी किलोवर असते, म्हणून ती गुत्त्यासारखीच. पहिल्या वेचणीला सीतादही होते, वावराच्या कोपऱ्यात दहीभात ठेवतात, आणि मग बाया सऱ्यांना लागतात. पहिल्या-दुसऱ्या वेच्याला बोंड भरलेलं असतं, हात भरभर चालतो आणि दिवसाची मजुरी चांगली पडते. फरदडीला, म्हणजे शेवटच्या राहिलेल्या कापसाला, तेवढ्याच किलोसाठी दुप्पट चालावं लागतं. म्हणून हुशार बाई हंगामाच्या शेवटी म्हणते, "आता किलोनं नाही जमत, रोजानं सांगा." तिला अर्थशास्त्र शिकवायची गरज नाही.

सालदाराचं पाडव्याला ठरतं, वर्षाचं. त्याची कमाई ठरीव, पण उचल आधीच घेतलेली असते, त्यामुळं हातात पडते ती मागच्या खर्चाची फेड. चंद्रपूर-गडचिरोलीकडचे मजूर धानाचं काम उरकलं की तेलंगणात मिरची तोडायला जातात आणि मजुरीचा काही भाग मिरचीतच घेऊन येतात. ती घरी विकायची की खायची, हा पुढचा धंदा.

जिनिंगवाला इतका श्रीमंत कसा? आमचाच कापूस ना?

हा सगळ्यात आवडता प्रश्न. कापूस घरून निघतो तेव्हा तो एक वस्तू असतो, जिनिंगमध्ये शिरला की दोन होतो. एका क्विंटलमधून साधारण ३३ ते ३५ किलो रुई निघते, ६२ ते ६४ किलो सरकी, आणि उरलेली घट. रुईची १७० किलोची गठाण बांधून ती सूतगिरणीकडं किंवा निर्यातदाराकडं जाते. सरकीचं तेल निघतं आणि ढेप होते. म्हणजे ढेप तुमच्याच म्हशीपुढं परत येते, विकत.

समजा त्यानं कापूस ७,२०० ला घेतला. ३४ किलो रुई १५५ रुपयांनी गेली, ५,२७० झाले. ६३ किलो सरकी ३६ रुपयांनी, २,२६८. मिळून ७,५३८. क्विंटलमागं ३३८ रुपये सुटले. त्यातून वीज, मजूर, प्रेसिंग, बँकेचं व्याज आणि आगीचा विमा जातो. क्विंटलमागं तुमच्यापेक्षा त्याला कमीच राहतं. पण तो दिवसाला शेकडो क्विंटल फिरवतो आणि तोच पैसा हंगामात दहा वेळा आतबाहेर करतो. तुमचा पैसा वर्षातून एकदाच फिरतो. खरा फरक इथं आहे.

त्याचा दुसरा नफा भावाच्या अंदाजाचा. रुईचा भाव न्यूयॉर्कच्या वायद्यापासून सरकीच्या ढेपेच्या मागणीपर्यंत कशानंही हलतो. गठाणी भरून ठेवल्या आणि भाव पडला तर जिनिंगही बसतं. बंद पडलेल्या जिनिंगांची पत्र्याची शेडं आपल्या प्रत्येक तालुक्यात उभी आहेत, ती पाहा.

आणि तिसरा, ज्याबद्दल मला राग आहे: ओलीच्या नावानं कापलेला कडता. सरकारी खरेदीत, म्हणजे सीसीआयकडं (भारतीय कापूस महामंडळाकडं), ८ टक्के ओलाव्याला पूर्ण भाव असतो आणि १२ टक्क्यांपर्यंत कपात करून माल घेतात. २०२५-२६ साठी लांब धाग्याचा हमीभाव ८,११० आणि मध्यम धाग्याचा ७,७१० रुपये क्विंटल होता. खेडा खरेदीत, म्हणजे व्यापारी गावात येऊन घेतो तेव्हा, मात्र ओलावा मापायचं यंत्र म्हणजे व्यापाऱ्याचा हात. बोरीत हात घातला, तोंड वाकडं केलं, झाली ओल. त्या वाकड्या तोंडाचे दोनशे रुपये होतात.

अडत्या काही पिकवत नाही, काही विकत घेत नाही. मग त्याला पैसे कशाचे?

गाठ घालून देण्याचे आणि चुकाऱ्याची, म्हणजे मालाचे पैसे मिळण्याची, हमी घेण्याचे. माल ओट्यावर उतरवून घेणं, लिलाव, मोजमाप, आणि खरेदीदारानं पैसे थकवले तरी तुम्हाला चुकारा देणं, हे त्याचं काम. शेवटचं जो करतो त्याची अडत वसूल आहे. जो म्हणतो "पार्टीचे पैसे आले की देतो", तो तुमच्याच पैशावर व्याजाचा धंदा करतो आहे.

बाजार समिती ही बाहेरून आलेली गोष्ट नाही बरं का. देशातला पहिला नियंत्रित बाजार आपल्या कारंज्याचा, आज वाशीम जिल्ह्यात आहे ते कारंजा. १८८६ साली तिथल्या कापूस बाजाराला नियम लागले. पुढं १८९७ साली वऱ्हाडासाठी कापूस आणि धान्य बाजाराचा कायदा आला. मँचेस्टरच्या गिरण्यांना स्वच्छ कापूस बिनघोर मिळावा ही त्यामागची निकड होती. कास्तकाराच्या मापात मारू नये, हे ओघानं आलं. महाराष्ट्राचा आताचा कायदा १९६३ चा. फळं-भाजीपाल्याची अडत २०१६ पासून खरेदीदाराकडून घ्यायची आहे. पट्टीवर, म्हणजे विक्रीच्या हिशेबाच्या कागदावर, तुमच्या नावानं कापलेली दिसली तर विचारा.

सोयाबीन घरी ठेवलं तर भाव वाढेल का?

वाढेल की नाही हे मला कळलं असतं तर मी झेरॉक्स काढत बसलो नसतो. पण ठेवायची ताकद असणं हीच एक कमाई आहे. दिवाळीत सगळ्यांनाच पैसा लागतो, म्हणून सगळेच विकतात आणि भाव दबतो. ज्याला किराणा आणि कृषी केंद्राची उधारी फेडायची घाई नाही, तो फेब्रुवारीपर्यंत थांबतो.

थांबायचं असेल आणि पैसाही हवा असेल तर शेतमाल तारण योजना आहे, पणन मंडळाची, १९९० पासूनची. सोयाबीन, तूर, हरभरा असा माल बाजार समितीच्या गोदामात ठेवा, किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज मिळतं, सहा महिन्यांसाठी, वर्षाला ६ टक्के व्याजानं. सगळ्या समित्या ती मनापासून राबवत नाहीत. सचिवाला जाऊन सरळ विचारा, आणि गोदामात जागा नाही म्हणाले तर तसं लेखी मागा. बहुतेक वेळा जागा निघते.

कृषी केंद्रवाला उधार देतो. त्याला परवडतं कसं?

उधारीचा भाव आणि रोखीचा भाव वेगळा असतो, हे तुम्हालाही ठाऊक आहे. तो फरक म्हणजे व्याज. जूनला घेतलेली थैली, फेड डिसेंबरला. रोखीत १,२०० ची खताची बॅग उधारीत १,३५० ला पडली तर सहा महिन्यांचं साडेबारा टक्के, म्हणजे वर्षाचं पंचवीस. शिवाय अनेक ठिकाणी तोच दुकानदार मालही घेतो, आणि त्याचा भाव तोच लावतो. एकाच माणसाजवळ माल विकणं, व्याज आणि दलाली असे तीन धंदे. बँकेचं पीककर्ज वेळेत भरलं तर तीन लाखांपर्यंत डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलतीमुळं बिनव्याजी पडतं. तरी लोक उधारीवर जातात, कारण बँकेत मागचं थकलेलं असतं.

संत्र्याची बाग झाडावरच विकावी का?

वरूड, मोर्शी, काटोल, नरखेडकडं बहुतेक तसंच होतं. व्यापारी बाग पाहतो, ठोक सौदा करतो, इसार देतो. त्यानंतरची फळगळ कागदोपत्री त्याची. प्रत्यक्षात गळ झाली किंवा बाजार पडला तर तो अर्ध्यात सोडून जातो, इसारावर पाणी सोडतो, आणि तोडणीला आलेली फळं तुमच्या गळ्यात. बांगलादेशनं आयात शुल्क वाढवत नेलं तेव्हा हे फार झालं, कारण आपला संत्रा घेणारं ते मोठं गिऱ्हाईक. इसार किती, उरलेली रक्कम कोणत्या तारखेला, हे साध्या कागदावर का होईना लिहून घ्या. दोन साक्षीदार. नात्यातला व्यापारी असला तर तीन.

कुक्कुटपालनात कमाई आहे का?

यावर माझ्याच घरची गोष्ट सांगतो. २०१९ मध्ये मी आणि माझ्या मेहुण्यानं शेड टाकलं, दीड हजार पक्ष्यांचं. कंपनीचा करार करायचा की स्वतःचे पक्षी ठेवायचे, यावर घरात पंधरा दिवस चर्चा. करारात पिल्लं, खाद्य, औषध कंपनीचं. शेड, वीज, पाणी, मेहनत आपली. पक्षी तयार झाले की किलोमागं ठरलेली पालनाची मजुरी. मी म्हटलं, नफा कंपनीनं का खायचा? स्वतःचे ठेवू. पहिल्या दोन बॅचेस झकास गेल्या. मी तर मनातल्या मनात दुसरं शेडही बांधलं.

तिसरी बॅच तयार झाली फेब्रुवारी २०२० मध्ये. कोंबडी खाल्ल्यानं कोरोना होतो, अशी अफवा मोबाईलवर फिरली आणि आठवड्यात बाजार बसला. पक्षी रोज खाद्य खात होते, वजन वाढत होतं, आणि वाढलेल्या वजनाला गिऱ्हाईक नव्हतं. शेवटी मी मोटरसायकलला खुराडं बांधून गावोगाव फिरलो, शंभराला तीन पक्षी. एका गावात बाईनं फुकट देतो म्हटलं तरी घेतले नाहीत. शेजारच्या गावातल्या करारवाल्याला त्याची मजुरी मिळाली, दोन महिने उशिरा, पण मिळाली. पक्षी मेले नाहीत तोवर त्याचं काही बुडतच नव्हतं, भाव पडल्याचा तोटा कंपनीचा होता.

म्हणजे करारच चांगला? तसंही नाही. करारात तुम्ही शेडचं भाडं आणि आपली मजुरी कमावता, धंदा कंपनीचा. भाव चढला तर तुम्हाला त्यातलं काही नाही. स्वतःच्या पक्ष्यात नफाही तुमचा आणि फेब्रुवारीही तुमचाच. एक बॅच पूर्ण बुडाली तरी पोराची फी भरता येत असेल तरच स्वतःचे ठेवा. आमची भरता आली नव्हती.

दूध आणि शेळ्या?

दुधाचा भाव फॅट आणि एसएनएफवर (फॅट सोडून दुधात उरणाऱ्या घन भागावर) लागतो, लिटरवर नाही, म्हणून पाणी घालणं धंद्यालाही वाईट. पैसा दहा-पंधरा दिवसांनी येतो, विदर्भातल्या कास्तकाराला नियमित पैसा देणारा हा एकच जोडधंदा. चारा विकतचा असेल तर करू नका. शेळी ही कमाईपेक्षा तिजोरी आहे, अडीनडीला बाजारात नेली की नोटा.

तेंदूपत्त्यात पैसा कोणाला मिळतो?

एप्रिल-मेच्या उन्हात, पहाटे जंगलात जाऊन पानं तोडायची, घरी आणून सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधायचे, संध्याकाळी फळीवर, म्हणजे पुडे गोळा करण्याच्या जागी, मोजून द्यायचे. भाव शंभर पुड्यांवर. घरातलं लेकरूसुद्धा पुडे बांधायला बसतं. ही झाली मजुरी. पूर्वी गोष्ट तिथंच संपायची, कारण जंगल सरकारचं आणि पानं ठेकेदाराची.

१९९६ चा पेसा (आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा) आणि २००६ चा वनहक्क कायदा आल्यावर अनेक ग्रामसभा स्वतः लिलाव करू लागल्या. मग तोडणीच्या मजुरीवर स्वामित्वाची रक्कमही गावात येऊ लागली, लोक तिला बोनस म्हणतात. मला हा शब्द पटत नाही. बोनस मालक खूश होऊन देतो. इथं मालक गावच आहे. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, आणि २०११ मध्ये वाहतूक परवान्याचा अधिकार मिळाल्यावर त्यांनी स्वतःचा बांबू स्वतः विकला. तोडणारा तोच माणूस, बांबू तोच. फक्त विकणारा बदलला.

नाटकात कोणी पैसे कमावतं का? आमचा पोरगा त्याच नादाला लागला आहे.

पोरगा झाडीपट्टीतला असेल तर रागावू नका, नीट हिशेब करा. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीच्या धानपट्ट्यात दिवाळीपासून उन्हाळा लागेपर्यंत गावोगाव रात्रीची नाटकं होतात. वडसा, म्हणजे देसाईगंज, हे त्याचं नाक्याचं गाव. तिथं नाटक कंपन्यांची कार्यालयं रस्त्याला लागून असतात, बाहेर पाट्या, आत तारखांची वही. गावचं मंडळ येतं, तारीख धरतं, एका रात्रीचा ठोक भाव ठरतो, आगाऊ रक्कम जमा होते.

आता कमाई कशी वाटली जाते ते पाहा. कंपनीला ठरलेली रक्कम मिळते, प्रेक्षक आले काय न आले काय. त्यातून ती नट, नटी, वादक, नेपथ्य आणि गाडी भागवते. कलाकार रात्रीवर पैसे घेतो, नाव झालेला जास्त, नवखा कमी. तिकीट विकतं गावचं मंडळ. म्हणजे बुडीत मंडळाची. अवकाळी पाऊस आला किंवा शेजारच्या गावात त्याच रात्री दुसरं नाटक लागलं, तर मंडळाची पोरं आपल्या खिशातून भरतात. उरलं तर देवळाच्या रंगरंगोटीला.

पण मला खरी गंमत वाटते ती नाटकाच्या अवतीभोवती. मंडपवाला, ध्वनीवाला, जनरेटरवाला, भजे-चहाची पालं, फुगेवाला. घरोघरी पाहुणे येतात, दुपारी शंकरपट असला तर आणखी येतात. बैलांच्या शर्यतीवर २०१४ मध्ये बंदी आली होती, २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं राज्याचा कायदा मान्य केला, तेव्हापासून ही दुपारची गर्दी पुन्हा हक्काची झाली. धान विकून हातात आलेला पैसा पहिल्यांदा खेळतो तो या रात्री. याच रंगभूमीवरच्या परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. तुमच्या पोराला हंगामात शंभर रात्री मिळाल्या तर तो कोरडवाहू पाच एकरापेक्षा बरा राहील. पावसाळ्यात काय करणार, हे मात्र त्याला विचारा.

फोनपे, गुगल पे तर फुकट आहे. मग त्या कंपन्या कमावतात कशा?

जानेवारी २०२० पासून यूपीआयच्या साध्या व्यवहारावर दुकानदाराकडून शुल्क घेता येत नाही. म्हणून त्या कमावतात आजूबाजूनं. "पैसे प्राप्त झाले" म्हणणाऱ्या डब्याचं महिन्याचं भाडं, विमा आणि कर्ज विकल्याची दलाली, रिचार्जवरचं कमिशन, जाहिरात. आपल्या आठवडी बाजारातलीच रीत: आत यायला पैसे नाहीत, पण आत आलं की काहीतरी घेतलंच जातं. पानठेल्यावरचा डबा दिवसभर बोलतो, त्याचं भाडं पानठेलेवाला भरतो, हे त्याला कधी कधी दोन महिन्यांनी कळतं.

यूट्यूबवर शेतीचे व्हिडिओ टाकून खरंच पैसे येतात का?

येतात, उशिरा. जाहिरातीतला वाटा मिळायला १,००० सदस्य आणि बारा महिन्यांत ४,००० तास पाहणं लागतं, किंवा नव्वद दिवसांत लहान व्हिडिओंना एक कोटी वेळा पाहणं. मग मोठ्या व्हिडिओवरच्या जाहिरातीतले ५५ टक्के तुमचे, लहानांचे ४५ टक्के. पण शेतीच्या चॅनलचा मोठा पैसा तिथून येत नाही. एखादा भाऊ वावरात उभा राहून एकाच टॉनिकचं नाव चार वेळा घेतो ना, तिथून येतो. ते पाहून लगेच बाटली आणायला जाऊ नका.

बचत गटात दोन टक्के व्याज. हे सावकारीच नाही का?

नाही, कारण व्याज देणारीही तीच आणि घेणारीही तीच. बारा बाया महिन्याला शंभर टाकतात, वर्षाचे १४,४०० होतात. त्यातून एखादीनं ५,००० उचलले तर महिन्याचे शंभर रुपये व्याज गटाच्याच पेटीत पडतं आणि शेवटी सगळ्यांत वाटलं जातं, तिच्यासकट. तीच बाई दर आठवड्याला हप्ता मागायला येणाऱ्या फायनान्सकडून उचलते तेव्हा व्याज मोटरसायकलवर बसून गावाबाहेर जातं. मी गटांच्या वह्या लिहितो, त्यात एक बाई तीन ठिकाणची कर्जं फिरवताना दिसली की पोटात गोळा येतो. परवाना नसलेल्या सावकाराचं प्रकरण असेल तर २०१४ च्या सावकारी कायद्याखाली सहायक निबंधकाकडं तक्रार होते.

पीएम किसान आणि लाडक्या बहिणीचे पैसे कमाईत धरायचे का?

खात्यात येतात तर वहीत लिहा, पण कमाईच्या पानावर नको. केंद्राचे वर्षाला ६,००० तीन हप्त्यांत, राज्याच्या नमो योजनेचे ६,०००, आणि जुलै २०२४ पासून बहिणींचे महिन्याला १,५००. हा पैसा महत्त्वाचा नाही असं नव्हे. आमच्या बाजारात ज्या आठवड्यात बहिणींचा हप्ता येतो त्या आठवड्यात बांगड्यावाल्याच्या आणि किराणावाल्याच्या तोंडावर ते दिसतं. पण निकष बदलला की तो थांबतो, म्हणून त्यावर कर्जाचा हप्ता बांधू नका.

शेतीवर टॅक्स नाही. मग दुधावर आणि ट्रॅक्टरच्या भाड्यावर पण नाही ना?

इथं लोक फसतात. शेतीच्या उत्पन्नावर केंद्राचा आयकर नाही. वावराचा मक्ता आला तर तोही शेतीचंच उत्पन्न. पण दूध, कोंबड्या आणि लोकांच्या वावरात हार्वेस्टर चालवून मिळालेलं भाडं हा धंदा आहे. इतर उत्पन्न करपात्र असेल तर कराचा दर ठरवताना शेतीचं उत्पन्नही विचारात घेतलं जाऊ शकतं, म्हणून मास्तरांनी आपली दहा एकर विवरणपत्रात लपवू नये.

एक जण म्हणतो, पैसे टाका आणि आणखी चार जण जोडा, वर्षात दुप्पट.

पहिला प्रश्न विचारा: माल काय विकता? उत्तरात माणसंच येत असतील तर उठून या.

तुम्ही स्वतः कशावर कमावता?

मजुरीवर आणि थोड्या दलालीवर. पीक विम्याच्या एका अर्जामागं केंद्राला विमा कंपनीकडून ४० रुपये मिळतात, शेतकऱ्यानं त्याचे वेगळे द्यायचे नसतात. झेरॉक्सचे तेवढे घेतो. माझा हंगाम जून-जुलै, दाखल्यांचा आणि विम्याचा. तेव्हा सर्व्हर बंद पडला की माझं पीक जळतं. दिवाळीनंतर दिवसाला दहा माणसं येतात, त्यातली चार हिशेब विचारायला, म्हणजे फुकट. उधारीची वही माझ्याकडंही आहे. मागच्या वर्षी एका काकाजींनी तीन अर्जांच्या बदल्यात पायलीभर तूर आणून दिली. डाळ केली, खाल्ली. ती कोणत्या रकान्यात लिहायची ते अजून ठरलेलं नाही.